बेवारस प्रताप

“कुठली उघडायची तेवढं सांगा काका. दोन मानसं घेऊन मी पुढं होतो,” एकनाथ म्हणाला आणि उत्तरासाठी चौकटीला टेकून उभा राहिला.

चंद्रभानकाकांनी कपातला शेवटचा घोट प्यायला जरा जास्तच वेळ लावला. बोईसरच्या चाळीतली ती दहा बाय दहाची खोली माणसांनी भरली होती. मधोमध चटईवर सुका पांढऱ्या चादरीखाली निजला होता आणि त्याची बायको जिवली त्याच्या पायांशी बसली होती. सकाळी सहाला सुकाने चहा घेतला, बशी खाली ठेवली, भिंतीला टेकला आणि टेकलेलाच राहिला. वय पंचावन्नच्या पुढे असेल. मनोरकडच्या पाड्यात शुक्रवारी जन्मला म्हणून सुका, यापलीकडे त्याच्या जन्माची नोंद कुठे नव्हती.

चर्चच्या मंडळीत कोणी वारले की पहिला फोन पाळकांना आणि दुसरा सुकाला, अशी वीस वर्षांची रीत. कुदळ, फावडे, पहार घेऊन तो दफनभूमीवर हजर व्हायचा आणि मयत येईपर्यंत खड्डा तयार असायचा. आज दुसरा फोन कुणाला करायचा हेच कुणाला सुचत नव्हते. शेवटी एकनाथने कामावरची सुट्टी टाकली आणि खणायचे आपल्या अंगावर घेतले.

“बघून सांगतो,” काका म्हणाले. “वही बघायला लागंल.”

वही बघायची काही गरज नव्हती. दफनभूमीतल्या सव्वीसच्या सव्वीस जागा काकांना तोंडपाठ होत्या, आणि आज उघडता येईल अशी त्यांत एकच होती. ती कुठली, हे आता आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही, असे काका धरून चालले होते.

बोईसरहून तारापूरकडे जाताना कारखान्यांची रांग विरळ होते, तिथे एका कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून ही जेमतेम गुंठाभर जागा. मंडळी लहान. वीजकेंद्रात आणि कारखान्यांत कामाला आलेली नगर-जालन्याकडची साठेक कुटुंबे, आणि सुकासारखी चार-पाच आदिवासी घरे. जागा गुंठाभर आणि मरणारे वाढते, म्हणून बारा वर्षांचा नियम आला. बारा वर्षे झाली की कबर उघडायची, घरच्याने आपल्या हाताने अस्थी वेचून पांढऱ्या कापडात बांधायच्या आणि कोपऱ्यात सिमेंटचे झाकण असलेल्या सगळ्यांच्या खड्ड्यात ठेवायच्या. रिकाम्या जागेत पुढचा माणूस. वर संगमरवर नाही, कठडा नाही, फक्त पत्र्याची पाटी.

हा नियम चंद्रभानकाकांनीच केलेला. तेव्हा ते एका कारखान्यात पंप चालवायचे, नुकतेच मंडळीचे पंच झाले होते आणि पंचपणाचा उत्साह अंगात मावत नव्हता. सुरुवातीला लोक चिडले. कुणी भांडले, कुणी रडले, एका बाईने तर काकांना भर उपासनेनंतर दगडाच्या काळजाचा म्हटले. पण काकांना समजावता येत असे. कबर उघडायच्या आधी ते घरच्यांना भिंतीच्या सावलीत बसवायचे आणि सांगायचे, “आपलं मानूस इथं नाय. इथं ठेवलं ते नुसतं अंगावरचं कापड. आपन सगळी भाडेकरू मानसं. खोली सोडताना भिंतीला मिठी मारून कोन रडतं का?” ऐकणारे सगळे भाड्याच्या खोल्यांत राहणारे, त्यामुळे त्यांना ते पटायचे. पाळकांना सहा-सात वर्षांनी बदली होती, काकांना नव्हती. हळूहळू जगावरची माया कशी सोडावी हे चंद्रभानकाकांकडून शिकावे, असे लोक म्हणू लागले. काकांनाही ते बोलणे गोड लागायचे.

नियमाला सवलत नव्हती. खाडीजवळची माती चिकट आणि खारट, तिला घाई चालत नाही. एकदा एक कबर दहाव्या वर्षी उघडून पाहिली, तेव्हा चार फुटांवर सुकाने हात थांबवला, मुकाट्याने माती परत लोटली आणि दोन दिवस तो जेवला नाही. तेव्हापासून बारा म्हणजे बारा. मग साथीची दोन वर्षे आली, अकरा माणसे गेली आणि मुदत भरलेल्या सगळ्या जागा संपल्या. ती माणसे प्लास्टिकमध्ये गुंडाळून आलेली, म्हणून त्या कबरी वीस वर्षे तरी हलवायच्या नाहीत असे सभेत ठरले. बाकीच्यांत सर्वांत जुनी पाटी नऊ वर्षांची होती.

आता ती एक जागा. तिच्यावरच्या पाटीवर लिहिले होते, ‘प्रताप. मृत्यू २०१९. नातेवाईक नाहीत.’

प्रताप नावाचा कोणी नव्हताच. त्या पाटीखाली काकांची बायको सोजराबाई होती.

सोजराबाई २००७ साली साखरेच्या दुखण्याने गेली. एका प्रसूतिगृहात आया होती. अंगाने भरलेली, बोलायला फटकळ. नगरकडून आली तेव्हा मासळीच्या वासाने तिला मळमळायचे, आणि पाच वर्षांत मुरबे गावच्या कोळणींशी बोंबलाच्या वाट्यावरून वाद घालायला लागली. लग्नानंतर सव्वीस वर्षे ती दोघे एकाच अरुंद लोखंडी खाटेवर निजली. उन्हाळ्यात काका म्हणायचे, जरा सरक. ती म्हणायची, सरकायला जागा ठेवली कुठं तुमी? ती गेल्यावर खाट एकदम मोठी झाली आणि काकांना तिच्यावर झोप लागेना. तेव्हा त्यांनी मनाशी एक ठरवले, की आपली वेळ येईल तेव्हा आपल्याला तिच्यावर ठेवतील, खाली ती, वर मी. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी पुढची बारा वर्षे काढली.

२०१९ साली तिची मुदत भरली. काका सत्तरीला आलेले नव्हते आणि मरण्याचे काही लक्षण नव्हते. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागले. त्यांनी उपासनेनंतर उभे राहून सांगितले, की उद्या सोजराला उचलतो, गर्दी नको, मी आणि सुका पुरे. सोमवारी दोघे गेले. सुकाने हातावर थुंकून कुदळ उचलली आणि काकांनी तिचा दांडा धरला. ऱ्हाऊ दे, म्हणाले. दोन तास दोघे सावलीत बसून होते. मग वरची माती जरा उकरून सारखी केली, कोपऱ्यातले झाकण उचलून परत ठेवले. “कुनी विचारलं तर उघडली म्हन,” काकांनी सांगितले. सुका बरं म्हणाला. त्याच्याशी या विषयावर झालेले हे पहिले आणि शेवटचे बोलणे.

रिकामी जागा दाखवली असती तर पुढच्या मयताला ती द्यावी लागली असती. म्हणून प्रताप आला. त्या वर्षी तीन महिने मंडळीला पाळकच नव्हता. काकांनी सभेत सांगितले, की परगावचा एक मजूर तापाने गेला, आपल्यातलाच होता, कुणी नातेवाईक नाही, मी आणि सुकाने मंगळवारी माती दिली. सभा आमेन म्हणाली. बेवारस माणसाबद्दल याहून जास्त चौकशी कोण करतो?

आणि प्रतापचे बरे चालले होते. ईस्टरच्या पहाटे कुणीतरी त्याच्या पाटीवरही झेंडूची फुले ठेवायचे. नवे पाळक, धीरज, दरवर्षी प्रतापच्या ठावठिकाणा नसलेल्या आईबापांसाठी प्रार्थना करायचे. काका दर रविवारी दुपारी तिथे जाऊन बसायचे, तर बायका म्हणायच्या, बघा, ज्याचं कोणी नाही त्याच्यापाशी काका बसतात. काकांनी पाळकांना लिहूनही दिले होते, की माझ्यासाठी नवी जागा अडवू नका, मला या बेवारसावरच ठेवा. ते पत्र वाचून धीरजपाळकांच्या डोळ्यांत पाणी आले होते. पुण्याहून मुलगा सुजित आणि सून राजनंदिनी फोन करून करून थकली, की बाबा, तुम्हाला तिथली हवा सोसत नाही, दम लागतो, इकडे या. काका म्हणायचे, मंडळीचं काम हाय. इथून हलले आणि पाठीमागे कुणी कबर उघडली तर? स्वतःच ठोकलेल्या खुंट्याला स्वतःच बांधून घेतले होते त्यांनी.

चाळीच्या गॅलरीत पाळकांनी त्यांना बाजूला घेतले. ते चौतिशीचे, अजून काकांना विचारल्याशिवाय खुर्चीही हलवत नसत. त्यांनी पालघरला दोन ठिकाणी फोन केले होते. तिथेही जागा अपुरी, फक्त सभासदांनाच. वहीप्रमाणे आपल्याकडे काहीच नाही का, त्यांनी विचारले. काका म्हणाले, नाही.

“मग शवदाहिनीला न्यावं का?” पाळक चाचरत म्हणाले. “अडचण विश्वासाची नाही. देह म्हणजे कापड, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.”

“हां,” काका म्हणाले. “न्या तिकडं.”

बोलून झाल्यावर त्यांना सुटल्यासारखे वाटले, आणि लगेच आपल्याला सुटल्यासारखे वाटले याची लाज वाटली. पाळक आत जाऊन जिवलीला समजावू लागले. काका चपला घालून खाली उतरले. घरी जायचे म्हणून रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला दफनभूमीचा रस्ता सांगितला.

ते प्रतापच्या पाटीपाशी जाऊन बसले. भिंतीपलीकडे कारखान्याचे यंत्र एका सुरात चालले होते. काकांनी पुन्हा एकदा सगळ्या पाट्या डोळ्यांखालून घातल्या, जणू रात्रीतून एखादी जुनी झाली असेल. नऊ वर्षे, सात वर्षे, मग साथीच्या अकरा. प्रार्थना करून पाहिली, पण काय मागायचे तेच ठरेना.

पाऊण तासाने फाटक वाजले. जिवली होती. पायीच आलेली, पदराने घाम पुसत. सुकाला पाणी द्यायला ती पुष्कळदा इथे यायची, त्यामुळे तिलाही जागा ओळखीची होती. तिच्या बोलीत अहोजाहो नव्हते. पाळकांनाही ती अरेतुरेच करायची आणि कुणाला त्यात वावगे वाटत नसे.

“तो मला सांगून ठेवायचा काका,” ती म्हणाली. “मला जाळू नको. येवढ्या लोकांना मी मातीत निजवलं, मला बी तितंच निजव. तू एकडाव परत बघ ना. कुठं अर्दी जागा असंल तरी चालंल. तो बारीकच हाय.”

“सगळ्या भरल्यात जिवली.”

“भरल्यात,” ती म्हणाली. जराशाने पाटीकडे हनुवटी करून म्हणाली, “ही मी मागत नाय. ही तुजी बाई हाय, मला ठावं हाय.”

यंत्राचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

“सुकानं सांगितलं?”

“मी लई मागं लागले तवा सांगितलं. दुसऱ्या कोनाला नाय.” ती खाली उकिडवी बसली. “प्रभुभोजनाला तू उठत का नाय, म्हनून इचारलं होतं. सा वरसं झाली, मागंच बसून ऱ्हायचा. तर बोलला, ज्या तोंडातून खोटं काडलंय त्या तोंडात ती भाकर कशी घालू.”

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे लहान पेले ठेवलेली थाळी रांगेरांगेतून काकाच फिरवायचे. आधी स्वतः घ्यायचे, मग दुसऱ्यांना द्यायचे. शेवटच्या रांगेत सुका मान खाली घालून बसलेला असायचा. आदिवासी माणूस, बुजतो, असे काकांना वाटायचे. एकदा तर त्यांनी त्याला बाहेर पायरीवर गाठून चांगले ऐकवले होते, की तुझा विश्वास कमी पडतो सुका, बाप्तिस्मा घेतलास तो कशाला? सुका तेव्हाही बरं म्हणाला होता.

काकांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. आणि तरीसुद्धा, खरे सांगायचे तर, त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिने इतकी वर्षे कुणाला सांगितले नाही, पुढेही सांगणार नाही.

“जाऊ दे,” जिवली उठली. “जाळू दे त्याला. तुज्या बाईला नको उठवू.”

ती वळून चालू लागली. तिच्या चालण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता, काही मनात धरून ती आलीच नव्हती. राग असता तर काकांना सोपे गेले असते. ती फाटकापर्यंत पोचली, कडी काढली, तोवर ते बसूनच होते. मग त्यांनी तिला हाक मारली, आणि एकनाथला फोन लावला.

“कुदळ घेऊन ये,” ते म्हणाले. “जागा हाय.”

एकनाथ अर्ध्या तासात आला. बरोबर मंडळीतले दोघे जण आणि पाळक. कुठली, म्हणून त्याने विचारले तेव्हा काकांनी दोन्ही हातांनी धरून प्रतापची पाटी उपटली. पत्रा गंजलेला होता, पण लोखंडी पाय खोल गेलेला, तो निघेना. दोनदा हिसका द्यावा लागला.

“प्रताप नावाचा कोनी नव्हता,” काका म्हणाले. “खाली सोजरा हाय. मी तिला उचललीच नाय.”

पाळकांनी तोंड उघडले. “मी दर ईस्टरला त्याच्या आईबापांसाठी...” एवढे म्हणून ते थांबले. त्यांना हसू येत होते की रडू, ते त्यांचे त्यांनाच कळत नव्हते, आणि पाळकाला त्यातले काहीच शोभले नसते.

एकनाथने कुदळ खाली टेकवली. साथीच्या वर्षात त्याची आई उचलली होती. त्याच्या हातून होत नव्हते, तेव्हा काकांनी खड्ड्याच्या कडेला उभे राहून त्याला धीर दिला होता.

“त्या दिशी माझ्या पाठीवर हात ठेवून काय म्हनाला होतात तुमी?” त्याने विचारले.

काका हातातल्या पाटीची माती झटकू लागले.

“सांगा ना. पाळकसायबांना बी ऐकू द्या.”

“मी म्हनालो, मी बी सोजराला उचललं. हाताला काय जानवत नाय.”

“मी घरी जाऊन चार दिवस जेवलो नाय काका. माझ्या हाताला जानवलं होतं. मला वाटलं, आपलाच विश्वास कच्चा.” त्याचा आवाज चढला नाही. “माझी आई तिकडं सगळ्यांत पडलीय. आनि तुमची हितं जपून ठेवलेली.”

माफ कर, असे काका म्हणाले. एकनाथने ते ऐकले की नाही कळले नाही. त्याने हातावर थुंकून कुदळ मारली.

माती निघायला दीड तास लागला. काका घमेली उचलू लागले, त्यांना दम लागत होता, पण कुणी त्यांना थांबवले नाही आणि त्यांनाही ते बरे वाटले. चार फुटांनंतर एकनाथ हाताने माती सारू लागला. लाकडी पेटीचा पत्ता नव्हता, खिळे तेवढे होते. मग हिरवा काठ दिसला. नायलॉनची साडी, ती मातीने खाल्ली नव्हती. तारापूरच्या बाजारातून नाताळसाठी आणलेली होती ती, एकदाच नेसलेली.

एकनाथ वर आला. बरोबरच्यांपैकी एक जण म्हणाला, काका थकलेत, मी वेचतो. एकनाथने पांढरे कापड काकांपुढे धरले.

“नियम त्यांचाच हाय,” तो म्हणाला. “घरच्यानं वेचायचं.”

दोघांनी दंड धरून काकांना खाली उतरवले. आजवर अशा वेळी वरून काकांचे बोलणे चालायचे, आपण भाडेकरू माणसं, नुसतं कापड. आज वर सगळे गप्प होते आणि काकांना त्यातला एक शब्द आठवला तरी तो उच्चारायची हिंमत झाली नसती. ते गुडघ्यांवर बसले. पायांकडून सुरुवात करायची असते, तशी त्यांनी केली. इतक्या लोकांना त्यांनी सांगितले होते की हाताला काही जाणवत नाही. जाणवत होते. हा तिचा घोटा, पावसाळ्यात सुजायचा. हा हात. डोके उचलताना त्यांनी खालून तळहात दिला, तान्ह्या मुलाला देतात तसा, आणि मग त्यांना रडू आवरले नाही. अठरा वर्षांचे राहिलेले रडू होते ते, मोठ्याने, नाक ओढत, लोकांसमोर.

गाठोडे बांधून वर दिले तेव्हा त्यांना नवल वाटले ते वजनाचे. सत्तर किलोची बाई. मंडळीच्या सहलीला केळव्याला गेले तेव्हा होडीवाल्याने तिला मधोमध बसायला सांगितले होते म्हणून ती दिवसभर रुसली होती. आता कुणीही एका हाताने उचलावी.

कोपऱ्यातले झाकण एकनाथनेच सरकवले. आत कितीतरी गाठोडी होती, ओलीने सारखीच काळवंडलेली, कुठले कुणाचे ते त्याला तरी कुठे सांगता आले असते. काकांनी वाकून सोजराला आत ठेवले. आज ती वेगळी दिसत होती, कापड पांढरे होते म्हणून. एका पावसाळ्यात तीही ओळखू येणार नव्हती. पाळकांनी छोटी प्रार्थना केली. काका वाकलेलेच होते.

“लावू?” एकनाथने विचारले.

“लाव.”

चार वाजता सुकाला आणले. मंडळी बरीच जमली होती. ज्यांच्या घरच्यांना त्याने माती दिली होती ते सगळे आले होते. बातमी पसरलेली होती. बायका काकांकडे बघून नजर वळवत होत्या. काकांनी वही पाळकांच्या हातात दिली, की ही आता तुमच्याकडे, आणि पंच म्हणूनही मला ठेवू नका. पाळकांनी पंचपणाचे मागाहून बघू म्हटले आणि वही परत केली. “आजचं नाव तरी तुम्हीच लिहा,” ते म्हणाले. काकांनी उभ्यानेच लिहिले. सुका. आडनाव, गाव, आजची तारीख, जागा तेरा. गीत झाले, प्रत्येकाने मूठ मूठ माती टाकली, एकनाथने फावड्याने खड्डा भरला आणि जाताना तो काकांशी न बोलता गेला.

सगळे पांगल्यावर जिवली मागे राहिली. काकाही राहिले. कुठे जायची घाई नव्हती. पुण्याला जायलाही आता काही आडवे येत नव्हते, पण तो विचार त्यांना अजून सुचला नव्हता.

“बारा वरसांनी याला बी काडतील?” जिवलीने विचारले.

“काडतील.”

“कोन काडंल?”

“तू असशील तर तू.”

ती बोटांवर हिशेब करू लागली. तिचे वय तिलाही नक्की माहीत नव्हते. मग म्हणाली, “आनि मी तवर नसले तर? काका, वही तुज्याकडं हाय. तू लिवून ठेव ना. मी मेले का मला याच्यावरच ठेवा. ही जागा माज्यासाठी राख.”

वही अजून त्यांच्या बगलेत होती आणि पेन खिशात. एक ओळ लिहायची होती. आजच्या दिवशी सुकाच्या बायकोला एवढे दिले म्हणून मंडळीतले कोणी तोंड उघडले नसते, एकनाथनेही नाही. काकांना ती ओळ लिहावीशी फार वाटली.

“राखता येत नाय, जिवली,” ते म्हणाले. “मी राखून बघितली.”

जिवलीने त्यांच्याकडे पाहिले. बरं म्हणाली. मग खाली बसून ती हाताने ढेकळे फोडू लागली. काका तिच्या समोर बसले आणि पलीकडच्या बाजूची फोडू लागले.